थाई शेवयांच्या थंड कोशिंबिरीचा इतिहास : 'यम वुन सेन'च्या निमित्ताने

प्रस्तावना

राजे, तह, लढाया आणि महसूल यांच्या इतिहासाला आपल्या विद्यापीठीय अभ्यासक्रमात जे स्थान लाभले, ते स्वयंपाकघराच्या इतिहासाला लाभलेले नाही. साधनांची वानवा हे त्याचे कारण सांगितले जाते. हे कारण अंशतःच खरे आहे. पदार्थाचे नाव, त्यातील घटक, ते एकत्र करण्याची रीत आणि तो खाण्याची पद्धत ही सर्व इतिहासाची साधनेच होत. कागदपत्रांशी ताडून पाहिल्यास ती बरेच काही सांगतात.

प्रस्तुत लेखाचे निमित्त अगदी घरगुती आहे. तृतीय वर्ष कला शाखेच्या वर्गात आशियाचा इतिहास शिकवीत असताना थायलंडमधील राष्ट्रवादाचा भाग आला. त्या संदर्भात प्रस्तुत लेखिकेने 'यम वुन सेन' हा शेवयांचा थाई पदार्थ घरी करून वर्गात नेला. डब्यातील पारदर्शक शेवया पाहून एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, हे थाई की चायनीज?" प्रश्न साधा होता, परंतु १९३९ ते १९४४ या काळात त्या देशाच्या शासनाला नेमका हाच प्रश्न पडला होता, आणि त्याचे जे उत्तर शासनाने काढले त्याची किंमत हजारो कुटुंबांना मोजावी लागली. त्या विद्यार्थिनीला त्या दिवशी तासिका संपल्यामुळे नीट उत्तर देता आले नाही. हा लेख त्या उत्तराचा प्रयत्न आहे.

'यम' आणि 'थंड' या शब्दांविषयी

'यम' या थाई शब्दाचा आपल्याकडील मृत्युदेवतेशी काही संबंध नाही, हे आधीच सांगितलेले बरे. ते क्रियापद आहे. निरनिराळे जिन्नस आंबट, खारट, तिखट व किंचित गोड रसात हाताने हलकेच एकत्र करणे असा त्याचा अर्थ. मराठीत 'कालवणे' हे क्रियापद त्याच्या सर्वांत जवळ जाते. 'वुन' म्हणजे खळीसारखा गोठलेला पारदर्शक पदार्थ आणि 'सेन' म्हणजे तार किंवा धागा. त्यामुळे 'यम वुन सेन' याचे शब्दशः रूप 'गोठीव तारांचे कालवलेले' असे काहीसे होईल.

पाश्चात्त्य पाकपुस्तकांत याला 'थंड नूडल सॅलड' म्हटले जाते. हे वर्गीकरण थाई स्वयंपाकघरातील नव्हे. तेथे यम शीतकपाटात ठेवून गार करण्याची रीत नाही; शेवया कोमट असतानाच रस घालतात आणि पदार्थ साधारण हवेच्या तापमानाला खाल्ला जातो. शिवाय युरोपीय जेवणात सॅलडला जे दुय्यम, तोंडीलावण्याचे स्थान आहे तेही यमला लागू पडत नाही. भाताच्या ताटाभोवती मांडलेल्या पदार्थांपैकी तो एक समान दर्जाचा पदार्थ असतो. दुसऱ्याच्या स्वयंपाकाला आपले कप्पे लावले की त्याचा इतिहास कसा धूसर होतो याचे हे लहानसे उदाहरण.

खऱ्या अर्थाने थंड अशा शेवयांची एक परंपरा मात्र थायलंडमध्ये जुनी आहे. तांदूळ आंबवून, वाटून, त्याचे पीठ छिद्रांच्या साच्यातून उकळत्या पाण्यात पाडतात आणि लगेच गार पाण्यात काढून त्याच्या लडी वळतात. या शेवयांना 'खनोम चीन' म्हणतात. थाई भाषेत 'चीन' म्हणजे चिनी, म्हणून हा पदार्थ चिनी असावा असा समज सहज होतो. पण अनेक अभ्यासकांच्या मते हे नाव मोन भाषेतील आहे आणि चीनशी त्याचा संबंध नाही. याच शेवया नारळाचे दूध, अननस, आले, लसूण आणि सुक्या कोळंबीची पूड घालून उन्हाळ्यात गार खातात. या प्रकारास 'खनोम चीन साव नाम' म्हणतात. म्हणजे ज्याच्या नावात 'चीन' आहे तो पदार्थ बहुधा मोन लोकांचा, आणि ज्याच्या नावात चीनचा मागमूस नाही त्या वुन सेनचे तंत्र मात्र चिनी! केवळ नावावरून इतिहास लिहू पाहणाऱ्याची येथे फसगत होते.

मुगाचा प्रवास

वुन सेन मुगाच्या पिष्टापासून करतात. तांदूळ किंवा गहू यांचा त्यात अंश नसतो. ही बाब भारतीय वाचकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे, कारण मुगाचे पीक मुळात भारतीय उपखंडातले. कर्नाटकातील सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या नवाश्मयुगीन वसाहतींच्या उत्खननांत मूग आणि कुळीथ यांचे जळके दाणे सापडले आहेत. पुढे हे पीक पूर्वेकडे गेले. थायलंडच्या चुम्फोन प्रांतात खाओ साम काएओ नावाचे स्थळ आहे. इ.स.पूर्व चौथ्या ते पहिल्या शतकाच्या दरम्यान ते बंगालच्या उपसागरामार्गे होणाऱ्या व्यापाराचे केंद्र होते. येथील वनस्पती-अवशेषांत भारतातून आलेले मूग आणि कुळीथ आढळले. संस्कृत भाषेतील लेख, मूर्ती आणि राजत्वाच्या कल्पना यांच्या आग्नेय आशियातील प्रसाराविषयी आपण नेहमी बोलतो; त्यांच्याही आधी, व्यापारी आणि कारागिरांच्या शिदोरीतून कडधान्याचे दाणे तेथे पोहोचले होते, ही गोष्ट मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही.

कुळीथ तेथे फारसा रुजला नाही. मूग रुजला.

मुगापासून पिष्ट वेगळे काढून त्याच्या तारा पाडण्याचे तंत्र चीनमध्ये विकसित झाले. पिष्टाच्या शेवया करण्याची पद्धत सहाव्या शतकातील जिया सिशिए याच्या 'छीमीन याओशू' या शेतीविषयक ग्रंथात येते. त्यात बैलाच्या शिंगाच्या तुकड्याला सहा-सात बारीक भोके पाडून त्यातून पिठाचा घोळ उकळत्या पाण्यात सोडावा असे सांगितले आहे. शिंगाचे हे उपकरण म्हणजे आपल्या सोऱ्याचाच पूर्वज म्हणता येईल. मुगाच्या शेवयांकरिता पुढे शांतुंग प्रांत प्रसिद्धीस आला आणि लोंगखोऊ बंदरातून त्या सर्वदूर जाऊ लागल्या.

ही प्रक्रिया समजावून सांगताना महाराष्ट्रातील प्राध्यापकवर्गास फार श्रम पडू नयेत. मूग भिजवायचे, पाणी घालून वाटायचे, गाळायचे आणि पिष्ट तळाशी बसू द्यायचे. वरची निवळ ओतून देऊन खाली उरलेल्या घट्ट थराचा घोळ करून तारा पाडायच्या, त्या गार पाण्यात काढून वाळवायच्या. लेखिकेच्या सासूबाईंना हे वर्णन वाचून दाखवले तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "अगं, हा तर कुरडईचा चीक!" धान्य निराळे, परंतु तत्त्व तेच. दोन्ही समाजांनी हे एकमेकांकडून घेतले असे मात्र यावरून म्हणता येणार नाही; समान गरजेतून समान तंत्र स्वतंत्रपणेही उद्भवू शकते.

मूगच का, याचेही उत्तर पिष्टाच्या रचनेत आहे. पिष्टात अमायलोज व अमायलोपेक्टिन असे दोन प्रकारचे रेणू असतात. मुगाच्या पिष्टात अमायलोजचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास किंवा अधिक असते. शिजलेले पिष्ट निवू लागले की अमायलोजचे सरळ रेणू पुन्हा एकमेकांना चिकटून घट्ट जाळे तयार करतात. त्यामुळे या शेवया गरम पाण्यात विरघळत नाहीत, निवल्यावर चिवट व पारदर्शक राहतात आणि आंबट रसात बुडवूनही त्यांचा लगदा होत नाही. तांदळाच्या शेवया गार झाल्या की कडक होऊन तुटू लागतात. कालवून खाण्याच्या पदार्थाकरिता मुगाच्या शेवयांची निवड स्वयंपाक करणाऱ्यांनी अनुभवाने केली. रसायनशास्त्राने ती पुढे समजावून दिली.

चिनी स्थलांतर आणि बँकॉक

अयुथयाच्या काळात (१३५१–१७६७) सयामशी चिनी व्यापाऱ्यांचा संबंध होताच. १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने अयुथया नष्ट केल्यावर राज्याची पुनर्स्थापना करणारा राजा ताकसिन हा तेओच्यू चिनी पित्याचा पुत्र होता. १७८२ मध्ये पहिल्या रामाने राजधानी नदीच्या पूर्व तीरावर नेली, तेव्हा नियोजित राजवाड्याच्या जागेवरील चिनी वस्ती साम्फेंग येथे हलविण्यात आली. बँकॉकचा आजचा चिनी विभाग तेथूनच वाढला. १८५५ च्या बाउरिंग तहाने सयामचा तांदूळ जागतिक बाजारपेठेस खुला झाला आणि गिरण्या, गोद्या, कालवे, लोहमार्ग यांसाठी मजुरांची गरज निर्माण झाली. स्वाताऊ बंदरातून तेओच्यू भाषक मजूर मोठ्या संख्येने येऊ लागले. खांद्यावरच्या कावडीत एकीकडे चूल व दुसरीकडे वाडगे घेऊन फिरणारा शेवयावाला हा याच मजूरवस्तीचा सोबती.

या स्थलांतराची साक्ष थाई भाषा देते. तांदळाच्या शेवयांना थाईत 'क्वाय तिआव' म्हणतात. हा शब्द दक्षिण चीनच्या बोलीतून आला. यम वुन सेनमध्ये घालावयाच्या सेलरीसदृश पालेभाजीस 'खुन छाय' म्हणतात, तोही तेओच्यू शब्द. मात्र वुन सेन हे नाव थाई आहे, यम हे क्रियापदही थाई आहे. आणखी एक बारकावा नोंदविण्याजोगा आहे. थाई लोक रस्स्यातल्या शेवया चॉपस्टिकने खातात, परंतु यम वुन सेन काटा-चमच्याने, भाताबरोबर खातात. कच्चा माल चिनी तंत्राचा राहिला, पण त्याला ताटात जे स्थान मिळाले ते थाई कोशिंबिरीचे. पदार्थाचे नागरिकत्व ठरवायचे झाल्यास तो कशाने खाल्ला जातो हा पुरावा लेखिकेस त्याच्या उगमाइतकाच वजनदार वाटतो.

यम हा प्रकार दरबारी स्वयंपाकातही प्रतिष्ठित होता. दुसऱ्या रामाच्या (राज्यकाल १८०९–१८२४) नावावर असलेल्या, खाद्यपदार्थांचे वर्णन करणाऱ्या प्रसिद्ध काव्यात 'यम याय' म्हणजे 'मोठे यम' या पदार्थाचा उल्लेख आहे. त्याची चव खुलविण्यासाठी 'जपानी नाम प्ला' वापरल्याचे त्यात म्हटले आहे. ही वस्तू म्हणजे जपानी सोया सॉस असे अभ्यासक मानतात. अस्सल दरबारी थाई पदार्थाच्या या आरंभीच्या वर्णनातच परदेशी जिन्नसाचे कौतुक आहे, हे शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. पुढे १९०८ च्या सुमारास थानफूयिंग प्लियन फासकोरावोंग यांचे 'मे ख्रुआ हुआ पा' हे पाकशास्त्रावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. थाई भाषेतील हे पहिले परिपूर्ण पाकपुस्तक मानले जाते. तोपर्यंत तोंडी चालत आलेले स्त्रियांचे ज्ञान त्यायोगे छापील झाले. अर्थात उमराव घरातील स्त्रियांचे. कावडीवाल्याच्या पत्नीने काय शिजविले ते कोणी छापले नाही.

शेवया आणि राष्ट्र

विसाव्या शतकाच्या आरंभी चिनी समाजाविषयीचा राज्यकर्त्यांचा दृष्टिकोन बदलला. १९१० च्या जून महिन्यात वाढीव कराच्या विरोधात बँकॉकमधील चिनी लोकांनी बंद पाळला. दुकाने मिटली, शहराचा व्यवहार थांबला. राजधानीचे दैनंदिन जीवन कोणाच्या हातात आहे हे त्या दिवसांत सर्वांच्या लक्षात आले. सहावा राम वजिरावुध (राज्यकाल १९१०–१९२५) याने १९१४ मध्ये टोपणनावाने एक पुस्तिका लिहून चिनी लोकांची तुलना युरोपातील ज्यूंशी केली. १९३८ मध्ये लुआंग विचित वाथाकान यांनी चुलालोंगकोर्न विद्यापीठातील भाषणात तीच तुलना पुन्हा केली. त्या वर्षी युरोपात ज्यूंचे काय चालले होते हे लक्षात घेता या भाषणाचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको.

डिसेंबर १९३८ मध्ये प्लेक फिबूनसोंगक्राम पंतप्रधान झाले. १९३९ मध्ये देशाचे नाव सयामऐवजी थायलंड करण्यात आले आणि १९३९ ते १९४२ या काळात 'रत्थनियोम' म्हणजे राष्ट्रीय आचाराचे बारा आदेश निघाले. यांपैकी नोव्हेंबर १९३९ चा पाचवा आदेश येथे महत्त्वाचा आहे. थाई लोकांनी थायलंडमध्ये उत्पन्न होणाऱ्या किंवा तयार होणाऱ्या वस्तूंपासून केलेले अन्नच खाण्याचा प्रयत्न करावा, असे त्यात म्हटले होते. त्याच वर्षी शासकीय शाळा व कार्यालयांच्या आवारातून चिनी खाद्यविक्रेत्यांना दूर करण्यात आले. चिनी शाळा बंद पडत गेल्या आणि १९४२ मध्ये अनेक व्यवसाय थाई नागरिकांसाठी राखून ठेवण्यात आले. जी. विल्यम स्किनर यांच्या १९५७ च्या ग्रंथात या घटनाक्रमाचा तपशील मिळतो. फिबून यांच्या स्वतःच्या पूर्वजांत चिनी वंशाचे लोक होते, ही गोष्ट त्यांच्या धोरणाच्या आड आली नाही.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानी सैन्य थायलंडमध्ये उतरले. १९४२ च्या अखेरीस बँकॉकमध्ये मोठा पूर आला. रस्त्यांतून होड्या चालू लागल्या, महागाई वाढली. याच सुमारास फिबून शासनाने शेवया खाण्याची मोहीम काढली. शेवया पौष्टिक आहेत, त्यांतील सर्व जिन्नस देशातच मिळतात आणि त्यांच्या विक्रीतून रोजगार निर्माण होईल, असे शासनाचे म्हणणे होते. फिबून यांनी मांडलेला हिशेब प्रसिद्ध आहे. देशाच्या १ कोटी ८० लाख लोकांनी रोज ५ सतांगचा एक वाडगा घेतला, तर दररोज ९ कोटी सतांग, म्हणजे ९ लाख बाथ, एका हातातून दुसऱ्या हातात फिरतील! शासनाने पाककृती प्रसृत केल्या, शेवया विकण्याच्या गाड्यांना प्रोत्साहन दिले आणि थाई लोकांनी या धंद्यात उतरावे असा प्रचार केला.

येथे एक विसंगती ठळकपणे दिसते. शेवया 'थाई' ठरविताना शासनाने भूमीचा निकष लावला : तांदूळ येथला, मूग येथला, कोळंबी येथली, म्हणून पदार्थ थाई. माणसांच्या बाबतीत मात्र हा निकष पाळला गेला नाही. वस्तुतः १९१३ च्या कायद्यानुसार सयाममध्ये जन्मलेल्यांना सयामी नागरिकत्व होते. त्याच मातीत जन्मलेला शेवयावाला कायद्याने नागरिक, पण राष्ट्रवादी भाषणात परका; त्याच्या वाडग्यातील शेवया मात्र राष्ट्रीय. पदार्थाला सामावून घेणे आणि तो करणाऱ्याला बाहेर ठेवणे ही दोन्ही कामे एकाच शासनाने एकाच दशकात केली. अन्नाच्या देवघेवीविषयी लिहिताना 'समन्वय', 'संगम' असे गोड शब्द वापरण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. प्रस्तुत लेखिकेनेही एम.फिल.च्या प्रबंधिकेत ते मुक्तहस्ते वापरले होते. शाळेच्या फाटकाबाहेर काढलेल्या विक्रेत्याच्या दृष्टीने पाहिल्यास हे शब्द अपुरे पडतात.

या मोहिमेचे सर्वांत प्रसिद्ध अपत्य म्हणजे परतलेल्या शेवयांचा 'पॅड थाई'. त्याच्या नावातच राष्ट्र आहे, आणि त्यामुळे त्याच्याभोवती दंतकथाही पुष्कळ जमल्या. यम वुन सेनला असा राजाश्रय लाभला नाही. तो घरात, खानावळीत आणि रस्त्यावरच्या गाडीवर हळूहळू रुळला.

मिरची, लिंबू, ताडगूळ

रसातील घटकांचा इतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. मिरची अमेरिका खंडातून आली, हे सर्वज्ञात आहे. अफोन्सो द अल्बुकर्क याने १५१० मध्ये गोवा आणि १५११ मध्ये मलाक्का जिंकले आणि त्याच वर्षी दुआर्ते फर्नांदिस यास अयुथयाच्या दरबारी दूत म्हणून पाठविले. पोर्तुगीज जहाजांच्या ज्या साखळीने मिरची कोकण किनाऱ्यास आली, तिचाच पुढचा दुवा सयाम होय. थाई भाषेत मिरचीला 'फ्रिक' म्हणतात आणि काळ्या मिरीला 'फ्रिक थाई', म्हणजे 'थाई तिखट'. नवे तिखट इतके सर्वव्यापी झाले की जुन्या तिखटाला आपली ओळख सांगण्यासाठी देशाचे नाव लावावे लागले. मराठीत मिरीवरून मिरची झाली आणि मिरीचे नाव अबाधित राहिले. थाई भाषेत नव्याने जुन्याचे नावच घेतले. चौदाव्या लुईचा दूत सिमों द ला लुबेर १६८७ मध्ये सयामला आला होता. त्याने सयामी लोकांच्या साध्या आहाराचे, भात, मासे आणि 'कापी' नावाच्या कोळंबीच्या खारवलेल्या गोळ्याचे वर्णन केले आहे.

गोडीसाठी ताडाचा गूळ वापरतात. थाई भाषेत साखरेला 'नाम तान' म्हणतात. 'नाम' म्हणजे पाणी, 'तान' म्हणजे ताड. उसाची साखर आली तरी शब्द ताडाचाच राहिला. वरून घालावयाचे शेंगदाणे पुन्हा अमेरिकेतले. मराठीने त्यांना भुईमूग म्हणून आपल्या मुगाच्या गोतावळ्यात घेतले, ही भाषिक गंमत या पदार्थाच्या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही.

घरातील प्रयोग

लेखिकेने चार माणसांसाठी केलेल्या यम वुन सेनचे प्रमाण येथे नोंदवीत आहे. सुक्या मुगाच्या शेवया १०० ग्रॅम, लिंबाचा रस ३ मोठे चमचे, फिश सॉस ३ मोठे चमचे, ताडगूळ १ मोठा चमचा, बारीक तिखट मिरच्या ४ ते ५. थायलंडमध्ये 'फ्रिक खी नू' नावाची चिमुकली मिरची वापरतात. आपली लवंगी चालते. कोळंबी व खिमा मिळून २०० ग्रॅम, लहान कांदे ४, एक टोमॅटो, सेलरीची पाने, कोथिंबीर, मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि सुकी कोळंबी. सुक्या कोळंबीसाठी कोकणातील सोडे बारीक तुकडे करून घेतले. लेखिकेच्या मते ते आयात केलेल्या पाकिटापेक्षा सरस ठरले.

पहिल्या खेपेस शेवया बिघडल्या. पाकिटावरील सूचना न वाचता आपल्या शेवयांप्रमाणे त्या थेट उकळत ठेवल्या आणि त्यांचा चिकट गोळा झाला. योग्य रीत अशी : शेवया गार पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवाव्यात, कात्रीने दोन-तीन ठिकाणी कापाव्यात, मग उकळत्या पाण्यात एक-दोन मिनिटेच ठेवून निथळाव्यात. खिमा तेलात न परतता पळीभर पाण्यात मोकळा शिजवावा. तेलाचा तवंग आला की लिंबाची चव दबते. ताडगूळ फिश सॉसमध्ये विरघळवून घ्यावा, लिंबू शेवटी पिळावे. शेवया कोमट असतानाच रस घालणे महत्त्वाचे, कारण निवताना त्या रस ओढून घेतात. पूर्ण गार झाल्यावर घातलेला रस ताटाच्या तळाशी साचतो. कांदा व पाने अगदी अखेरीस.

घरात दोन माणसे शाकाहारी असल्यामुळे दुसरे पातेले सोया सॉस व अळंबी घालून केले. याबाबत मनात थोडी अपराधी भावना होती. दुसऱ्या रामाच्या काव्यातील जपानी सॉसचा उल्लेख वाचल्यावर ती गेली. चिनी परंपरेतील 'जे' या शाकाहारी व्रताच्या दिवसांत थायलंडमध्येही फिश सॉसऐवजी सोया सॉसच वापरला जातो.

पाश्चात्त्य देशांतील घरगुती पुस्तकांत याच नावाने जो पदार्थ येतो, त्यात बहुधा गव्हाच्या शेवया, शेंगदाण्याचे लोणी व तिळाचे तेल असते. तो वाईट लागतो असे नाही. परंतु शेंगदाण्याचा दाट रस हा सातेबरोबरच्या रसाचा नातलग. यमचा रस पाण्यासारखा पातळ आणि बिनतेलाचा असतो. २००२ मध्ये थाई शासनाने परदेशातील थाई उपाहारगृहांची संख्या वाढविण्यासाठी 'ग्लोबल थाई' कार्यक्रम हाती घेतला. फिबून यांच्या काळात आदेश देशातल्या लोकांनी काय खावे याविषयी होता; साठ वर्षांनंतर शासनाचे लक्ष परदेशीयांच्या ताटाकडे वळले. इकडे देशात मात्र विद्यार्थी आणि कामगार १९७० च्या दशकात बाजारात आलेल्या 'मामा' या झटपट नूडल्स याच आंबट-तिखट रसात कालवून 'यम मामा' म्हणून खाऊ लागले, आणि त्यासाठी कोणाच्याही आदेशाची गरज पडली नाही.

वर्गात नेलेला डबा दहा मिनिटांत संपला. पुढच्या तासाला त्या विद्यार्थिनीने शेवयांचे रिकामे पाकीट मागून घेतले आणि मागची बाजू वाचली. घटकांत मुगाचे पिष्ट आणि पाणी, उत्पादन थायलंड, आणि वरच्या कोपऱ्यात थाई लिपीशेजारी चिनी अक्षरांत छापलेले नाव. ते पाकीट तिने वहीत चिकटविले असून वही सध्या तपासणीसाठी लेखिकेकडे आहे.